भाजीच्या अंगचे पाणी ओळखले की रोजचा स्वयंपाक सोपा होतो

प्रश्न असा आहे: "आम्ही दोघे पुण्यात राहतो आणि दोघेही नोकरी करतो. शनिवारी मंडईतून हौसेने पुष्कळ ताजी भाजी आणली जाते, परंतु बुधवारपर्यंत पालेभाज्या पिवळ्या पडतात. केलेली भाजी कधी पाणचट होते, कधी तळाला लागते. चव यावी म्हणून मी कांदा-टोमॅटोचे वाटण आणि विकतचा मसाला घालते, तर सगळ्याच भाज्या एका चवीच्या लागतात. ऋतूतल्या भाज्यांचा साधा स्वयंपाक नेमका कसा करावा?"

मी गेली २८ वर्षे पुण्यात घरगुती जेवणाचे डबे देते. दररोज चाळीसेक डबे जातात आणि प्रत्येक डब्यात एक भाजी असतेच, त्यामुळे तुमच्या तिन्ही तक्रारी माझ्या चांगल्या परिचयाच्या आहेत. भाजी टिकत नाही, शिजताना बिघडते आणि तिला स्वतःची चव राहत नाही, या तीन तक्रारी वेगवेगळ्या दिसत असल्या तरी त्यांचे मूळ एकच आहे, असे माझे अनुभवाअंती मत झाले आहे. आपण भाजीला किती तेल, किती मसाला आणि किती वेळ द्यायचा याचा विचार करतो. परंतु त्या भाजीच्या अंगी मुळात पाणी किती आहे, हे पाहत नाही. ते एकदा पाहायला लागले की भाजी कधी आणावी, कोणत्या दिवशी करावी, झाकण ठेवावे की नाही आणि मीठ केव्हा घालावे, या प्रश्नांची उत्तरे बरीचशी आपोआप मिळतात.

दुधी, दोडका, पडवळ, काकडी आणि बहुतेक पालेभाज्या यांच्या १०० ग्रॅम वजनात सुमारे ९० ग्रॅम किंवा त्याहूनही अधिक पाणी असते. या भाज्या अंगच्या पाण्यातच शिजतात आणि त्यांत वरून पाणी घातले की त्या पाणचट होणारच. गवार, मटार, पावट्यासारख्या शेंगा आणि त्यांचे दाणे यांत पाणी त्या मानाने कमी आणि चोथा किंवा पिठूळपणा अधिक असतो. त्यांना वाफ द्यावी लागते, नुसत्या परतून त्या शिजत नाहीत आणि तळाला लागतात. तुमची भाजी कधी पाणचट तर कधी करपलेली होते, याचे कारण मला असे दिसते की तुम्ही दोन्ही गटांना एकच वागणूक देत आहात.

ऋतूतली भाजी घ्यावी असे का म्हणतात, त्याचाही संबंध याच पाण्याशी आहे. जवळच्या शेतातून कालच काढलेल्या भाजीच्या अंगचे पाणी शाबूत असते, म्हणून ती लवकर शिजते आणि तिला थोडक्या तेलामसाल्यात चव येते. चार दिवस प्रवास केलेली भाजी सुकते, तिची साल चिवट होते आणि मग आपण ती कमतरता वाटणाने भरून काढू लागतो. मटार आणि मक्याच्या कणसाच्या बाबतीत तर आणखी एक गोष्ट घडते. तोडल्यानंतर त्यांच्या दाण्यांतली साखर हळूहळू पिठात रूपांतरित होत जाते, म्हणून सकाळी तोडलेला मटार संध्याकाळी जितका गोड लागतो तितका तो तिसऱ्या दिवशी लागत नाही.

कोणत्या महिन्यात काय घ्यावे याचा तक्ता पाठ करण्याची गरज नाही, कारण आपल्या सणांच्या जेवणात तो आधीच लिहून ठेवलेला आहे. मकरसंक्रांतीच्या आदल्या दिवशी भोगीची भाजी करतात. तिच्यात वांगी, गाजर, पावटा, घेवडा, हरभऱ्याचे ओले दाणे, तीळ आणि शेंगदाण्याचे कूट असते आणि जोडीला तीळ लावलेली बाजरीची भाकरी असते. म्हणजे पौषात आपल्या रानात जे पिकते, ते सारे त्या एका कढईत आलेले असते. श्रावणात नैवेद्याच्या पानावर अळूची पातळ भाजी, पडवळ, भोपळा, भेंडी आणि काकडीची कोशिंबीर दिसते, कारण वेलींना तेव्हाच बहर असतो. हिवाळ्यात मेथी, चाकवत, चुका, पालक, हरभऱ्याचा कोवळा पाला, मुळा, नवलकोल, फ्लॉवर आणि कोबी घ्यावेत. विदर्भात याच दिवसांत तुरीचे ओले दाणे मिळतात आणि खानदेशात भरताची मोठी हिरवी वांगी येतात. उन्हाळ्यात पालेभाज्या महाग आणि निबर होऊ लागल्या की शेवग्याच्या शेंगा, गवार, भेंडी, तांबडा भोपळा, कैरी आणि भाजीचा कोवळा फणस यांच्याकडे वळावे. पुण्यापुरते एक सांगण्यासारखे आहे. मटार हिवाळ्याचा असे आपण सरसकट म्हणतो. परंतु पुरंदर तालुक्यातला, म्हणजे सासवडकडचा, मटार पावसाळ्याच्या उत्तरार्धात बाजारात येतो आणि थंडीतला पुष्कळसा माल मध्य प्रदेशातून येतो. तेव्हा भाद्रपदात मंडईत सासवडकडचा मटार दिसला, तर तो अवेळी आला असे समजून टाळू नका. तो फार गोड असतो.

पावसाळ्यातल्या रानभाज्यांविषयी मला विशेष आस्था आहे, तरीही सुरुवातीला तुम्ही टाकळा आणि करटोली एवढ्याच घ्याव्यात. शेवळे चविष्ट असली तरी नीट साफ केली नाहीत आणि आंबटाची जोड दिली नाही तर घसा खाजवतो. अशी भाजी प्रथम एखाद्या जाणत्या बाईच्या हाताखाली करावी, वाचून करू नये.

आता खरेदीकडे येते. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आहारविषयक मार्गदर्शनात, २००० कॅलरींच्या दिवसभराच्या आहारासाठी ४०० ग्रॅम भाज्या सुचवल्या आहेत. दोन माणसांचा हिशेब केला तर आठवड्याला साडेपाच किलोंच्या आसपास भाजी लागते आणि ती एकाच शनिवारी आणली तर तिच्यातली थोडीफार वाया जाणारच. शनिवारी तीन-साडेतीन किलो आणि बुधवारी घरी येताना दोन किलो अशी विभागणी करावी. आणलेली भाजी खाण्याचा क्रमही पाण्यावरच ठरवावा. पालेभाजी शनिवारी किंवा रविवारी संपवावी. त्यानंतर भेंडी, दोडका, वांगी. मग गवार, घेवडा, फ्लॉवर. आणि शेवटी कोबी, तांबडा भोपळा, सुरण, बटाटा यांसारख्या जाड सालीच्या किंवा घट्ट बांध्याच्या भाज्या. अख्खा दुधी जाड सालीमुळे चार-पाच दिवस थांबतो, परंतु कापल्यावर तो दुसऱ्या दिवशी संपवलाच पाहिजे.

पालेभाजीची जुडी घरी आल्यावर लगेच सोडावी. जुडी जिथे दोऱ्याने आवळलेली असते तिथेच पाने प्रथम काळी पडतात, हे तुम्हीही पाहिले असेल. धुऊन ठेवू नये. कुजकी पाने तेवढी काढून, कोरड्या सुती कापडात सैल गुंडाळून ती फ्रीजमध्ये ठेवली तर दोन दिवस उत्तम राहते. निवडायला वेळ मिळत नाही ही अडचण खरी आहे, म्हणून मी नोकरी करणाऱ्या मुलींना सांगते की रात्री जेवणानंतर दोघांनी बसून एक जुडी निवडावी. एकट्याला जे अर्ध्या तासाचे काम वाटते, ते पंधरा मिनिटांत होते.

घेताना भाजी हातात घेऊन पाहावी. भेंडीचे टोक वाकवल्याबरोबर कट्कन मोडले पाहिजे. दुधीच्या सालीत नख सहज रुतले पाहिजे. वांगे आकाराच्या मानाने हलके लागावे, कारण जड वांग्यात बिया अधिक असण्याचा संभव असतो. गवारीची शेंग बोटांत मोडून पाहावी. शीर लोंबू लागली तर ती जून झाली आहे.

तुमच्या तक्रारीत पालेभाजी आहे, म्हणून मेथीची साधी परतलेली भाजी सविस्तर सांगते. दोन मध्यम जुड्या निवडाव्यात. कोवळे देठ राहू द्यावेत, त्यांना चव असते. मोठ्या पातेल्यात भरपूर पाणी घेऊन त्यात पाने बुडवावीत, हलवावीत आणि दोन मिनिटे थांबावे, म्हणजे माती तळाशी बसते. त्यानंतर पाने हातांनी वर उचलून चाळणीत घ्यावीत. पातेले चाळणीत ओतू नये, कारण तसे केले की तळाची माती पुन्हा पानांवर येते. असे तीन वेळा करावे आणि चाळणीतले पाणी पूर्ण निथळू द्यावे. धुणे नेहमी चिरण्याआधी करावे. दोन चमचे मूगडाळ अर्धा तास आधी भिजत घातलेली असावी. लोखंडी कढईत दोन चमचे तेल चांगले तापवून मोहरी, मग सहा-सात ठेचलेल्या लसणाच्या पाकळ्या आणि दोन हिरव्या मिरच्या घालाव्यात. लसूण कडेने तांबूस होताच हिंग-हळद आणि लगेच डाळ घालून दोन मिनिटे परतावी आणि वर मेथी घालावी. आच मोठी ठेवावी. कढई काठोकाठ भरलेली दिसते, परंतु दोन मिनिटांत पाने बसतात आणि भाजी तळाशी जाते. मीठ घालायचे ते तेव्हाच, त्याआधी नाही.

यामागे माझा स्वतःचा एक अनुभव आहे. डब्यांचे काम सुरू केले त्या पहिल्याच हिवाळ्यात, भरलेल्या कढईच्या अंदाजाने मी मेथीला आधीच मीठ घातले. भाजी आळून चौथाईवर आली आणि त्या दिवशीचे सगळे डबे खारट गेले. एका आजोबांना रक्तदाबामुळे मीठ कमी लागत असे आणि त्यांच्याही डब्यात तीच भाजी गेली, याची टोचणी मला आजही आहे. मीठ आधी पडल्याने दुसरेही नुकसान होते. पानांतले पाणी एकदम सुटते आणि भाजी परतली जाण्याऐवजी त्या पाण्यात उकडते.

मेथी, पालक, माठ यांवर झाकण ठेवू नये. पानांतली आम्ले वाफेबरोबर निघून जायला हवीत. झाकणाखाली ती कोंडली की हिरव्या रंगद्रव्यातले मॅग्नेशियम निसटते आणि भाजी शेवाळी, मळकट दिसू लागते. उघड्या कढईत मोठ्या आचेवर सहा-सात मिनिटांत मेथी होते. डाळ बोटाने चेपली जावी, पण तिचा दाणा अखंड दिसावा. उतरवताना ओले खोबरे घातले तर उत्तम, नाही घातले तरी काही अडत नाही.

याच्या अगदी उलट वागणूक गवार, घेवडा, तोंडली आणि फ्लॉवर यांना द्यायची असते. आपल्या आज्या कढईवर ताटली ठेवून तिच्यात पाणी ओतत. पुष्कळ तरुण मुली ही जुनी सवय म्हणून सोडून देतात, आणि मला त्याचे फार वाईट वाटते, कारण स्वयंपाकातल्या अत्यंत शहाण्या युक्त्यांपैकी ती एक आहे. ताटलीतल्या पाण्यामुळे झाकण थंड राहते, भाजीतून निघालेली वाफ त्याच्या खालच्या बाजूला जमून थेंबाथेंबाने परत भाजीत पडते आणि भाजी अंगच्या पाण्यातच, तळाला न लागता शिजते. एवढे करूनही भाजी कोरडी पडली तर ताटलीतले पाणी तोपर्यंत गरम झालेले असते. त्यातलेच पळीभर घालावे. शिजत्या भाजीत थंड पाणी घालू नये, त्याने शिजण्याची लय मोडते.

पाव किलो कोवळी गवार शिरा काढून, बोटांनी मोडून घ्यावी. फोडणीत मोहरी-हिंगाबरोबर पाव चमचा ओवा घालावा, कारण गवार काही जणांना वातुळ होते आणि ओव्याने ती बाधत नाही असा आपला परंपरेचा अनुभव आहे, शिवाय त्या दोघांची चवही जमते. गवार घालून तीन-चार मिनिटे परतावी, पाण्याची ताटली ठेवून मंद आचेवर बारा ते पंधरा मिनिटे शिजू द्यावी आणि अधूनमधून हलवावी. शेंग बोटांत चेपली की मगच तिखट, मीठ, सुपारीएवढा गूळ आणि दोन चमचे शेंगदाण्याचे कूट घालावे. गूळ आधी घातला तर तो तळाला लागून करपतो.

दुधी, दोडका आणि पडवळ यांना मात्र ताटलीत पाणी घालण्याचीही गरज नसते. नुसते झाकण पुरे होते. दुधीच्या बाबतीत एक गोष्ट कधीही विसरू नये. चिरण्यापूर्वी त्याचा छोटा तुकडा जिभेवर ठेवून पाहावा आणि तो कडू लागला तर थुंकून टाकून सबंध दुधी फेकून द्यावा. हा कडूपणा कुकुरबिटासिन नावाच्या द्रव्यांचा असतो, तो शिजवून जात नाही आणि त्याने गंभीर विषबाधा होऊ शकते. काकडी आणि दोडका यांनाही हाच नियम लावावा.

भेंडी चिकट होते, ही तक्रार तुम्ही केली नसली तरी पुढे कराल, म्हणून सांगून ठेवते. ती धुऊन, पुसून, पूर्ण कोरडी करून मगच चिरावी, सुरीही कोरडी असावी. झाकण न ठेवता परतावी, दोन आमसुले घालावीत, म्हणजे तार तुटते, आणि मीठ अगदी शेवटी घालावे.

आता वाटणाविषयी. कांदा-टोमॅटोचे वाटण वाईट नाही. उसळींना, पाहुण्यांसाठी केलेल्या रस्साभाजीला ते शोभते. परंतु ताज्या भाजीला रोज ते लावणे म्हणजे तिच्या तोंडावर कापड टाकण्यासारखे आहे. रोजच्या भाजीला फोडणी आणि तिच्या जोडीचा एकच पदार्थ पुरतो. गवारीला ओवा, तांबड्या भोपळ्याला मेथीदाणे, दुधीला जिरे आणि भिजवलेली हरभरा डाळ, पालेभाज्यांना लसूण, कोबीला हिरवी मिरची, तोंडली आणि वांग्याला गोडा मसाला, पडवळाला डाळिंब्या, म्हणजे मोड आणून सोललेले वाल. अशी जोडी ठरलेली असली की आठवड्यातल्या सात भाज्या सात चवींच्या होतात. फोडणीचा क्रम मात्र पाळावा. तेल तापल्याशिवाय मोहरी टाकू नये आणि मोहरी तडतडण्याचे थांबेपर्यंत पुढचे काही घालू नये. कच्ची राहिलेली मोहरी दाताखाली कडवट लागते. हिंग आणि हळद शेवटी घालावीत आणि त्यांच्यामागोमाग लगेच भाजी घालावी, कारण हळदीचा रंग तेलात चांगला उतरतो, पण ती करपायला काही क्षणच पुरतात.

एवढी काळजी घेऊनही एखाद्या दिवशी भाजीला पाणी सुटलेच, तर ती फेकू नका आणि आटवत बसून तिचा लगदाही करू नका. पीठ पेरावे. कांद्याची पात, मुळ्याचा पाला, ढोबळी मिरची आणि कोबी यांना ते विशेष चांगले लागते. पाव किलो भाजीला तीन-चार चमचे हरभरा डाळीचे पीठ, शक्यतो आधी कोरडे भाजून घेतलेले, चिमटीने सगळीकडे भुरभुरावे, लगेच ढवळू नये, झाकण ठेवून दोन-तीन मिनिटे वाफ द्यावी आणि मग उलथन्याने खालून वर करावे. पीठ भाजीचे पाणी पिऊन मोकळे होते. कडेने एक चमचा तेल सोडले की खमंग लागते. चाकवत आणि चुका यांसारख्या पालेभाज्यांचे पाणी तर लपवण्याऐवजी वाढवायचेच असते. त्या शिजवून घोटाव्यात, चाकवताला ताक आणि थोडे डाळीचे पीठ लावावे, चुक्यात शिजलेली तूरडाळ आणि शेंगदाणे घालावेत, वरून लसणाची फोडणी द्यावी. अशी पळीवाढी भाजी भाताबरोबर असली की वेगळे वरण करावे लागत नाही.

कामावरून आल्यानंतरच्या संध्याकाळचा क्रम मी असा सुचवेन. घरात शिरल्याबरोबर डाळ आणि तांदूळ धुऊन भिजत घालावेत. हातपाय धुऊन चहा होईपर्यंत वीस मिनिटे जातात, तेवढे भिजणे पुरते. कुकर लावावा आणि तो होईपर्यंत भाजी धुऊन चिरावी. एका गॅसवर भाजीला फोडणी द्यावी आणि ती वाफेवर ठेवून दुसऱ्या गॅसवर भाकरी किंवा पोळ्या कराव्यात. त्याच वेळी एकाने काकडी, गाजर किंवा मुळा किसून ठेवावा. दही आणि मीठ मात्र पानावर बसताना घालावे, नाहीतर कोशिंबिरीलाही पाणी सुटते. वरणाला साजूक तूप, जिरे आणि हिंग पुरे. कुकर लावल्यापासून पाऊण तासात दोघांचे जेवण तयार होते.

भाजी झाल्यावर लोखंडी कढईत ठेवू नये, विशेषतः आमसूल, चिंच किंवा टोमॅटो घातलेली. लोखंडाशी आंबटाचा संयोग होऊन ती काळी पडते आणि तिला धातूची चव लागते. लगेच दुसऱ्या भांड्यात काढावी आणि कढई गरम असतानाच धुऊन, पुसून, तेलाचे बोट फिरवून ठेवावी.